दुधाच्या पावडरीच्या डब्यातून पिनहोल कॅमेरा

भिंगाशिवाय छायाचित्र काढता येते हे प्रकाशाच्या पाठात सांगितले जाते, पण विद्यार्थी ते स्वतः काढून पाहतात असे क्वचितच घडते. भिंगाऐवजी सुईने पाडलेल्या बारीक छिद्रातून चित्र घेणाऱ्या अशा पिनहोल कॅमेऱ्यासाठी घट्ट झाकणाचा, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा पुरेसा असतो. दुधाच्या पावडरीचा डबा उत्तम. मात्र त्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून उजेड झिरपत असल्यास त्याला काळा कागद आणि काळी इन्सुलेशन टेप लावावी. काचेच्या बरण्या रंगवून वापरण्याच्या फंदात पडू नये, कारण रंगाचा एक टवका उडाला तरी चित्र बिघडते.

डब्याला आतून चमक नसलेला काळा रंग द्यावा. नंतर बाजूला, उंचीच्या मध्यावर, खिळ्याने सुमारे ५ मिलिमीटरचे भोक पाडावे. पत्र्याच्या कडा धारदार असल्याने हे काम शिक्षकांनीच करावे. खरे छिद्र मात्र वेगळ्या पातळ पत्र्यात पाडून या भोकावर आतून चिकटवायचे असते.

कॅमेऱ्याची सारी गुणवत्ता या छिद्रावर अवलंबून असल्याने येथे घाई करू नये. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा लहान तुकडा जाड पुठ्ठ्यावर ठेवावा, सुईचे केवळ टोक हलके दाबून फिरवावे आणि मागे आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा. छिद्र जितके बारीक तितके चित्र स्पष्ट, असा विद्यार्थ्यांचा तर्क असतो. तो एका मर्यादेपर्यंतच खरा आहे, कारण फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडांपाशी पसरतो, आणि चित्र पुन्हा धूसर दिसू लागते. १० सेंटिमीटर अंतरासाठी सुमारे ०.४ मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते. शाळेत स्कॅनर असेल, तर पत्रा १२०० डीपीआयवर (दर इंचाला १२०० पिक्सेल) स्कॅन करावा. छिद्राची रुंदी साधारण १९ पिक्सेल भरली पाहिजे. बाहेरून भोकावर लावलेली काळ्या टेपची पट्टी शटरचे काम करते.

पुढचे काम खिडक्या बंद केलेल्या खोलीत, लाल दिव्याच्या मंद उजेडात करावे. कृष्णधवल ब्रोमाइड पेपरला, म्हणजे छायाचित्र छापण्याच्या प्रकाशसंवेदी कागदाला, लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. कागदाची चकचकीत बाजू छिद्राकडे येईल अशा बेताने तो समोरच्या आतल्या भिंतीला चिकटवावा. पहिला कागद चित्रासाठी नव्हे, तर परीक्षेसाठी वापरावा: शटर बंद ठेवून डबा ५ मिनिटे उन्हात ठेवावा आणि कागद पुढे सांगितलेल्या रसायनांत धुऊन पाहावा. त्यावर काळे डाग उमटले, तर डबा कुठेतरी उजेड आत घेत आहे.

चित्र घेताना डबा कठड्यावर टेकवून, वर दगड ठेवून स्थिर करावा. स्वच्छ उन्हात साधारण ४० सेकंद ते १ मिनिट लागते. सावलीत काही मिनिटे. एवढ्या वेळात चालून गेलेली माणसे चित्रात उमटतच नाहीत, याची गंमत मुलांना फार वाटते.

लाल दिव्याखालीच कागद चिमट्याने प्रथम डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारे द्रावण), मग पाण्यात आणि शेवटी हायपोमध्ये (चित्र पक्के करणारे द्रावण) बुडवावा. डेव्हलपर २० अंश सेल्सिअसवर ठेवण्याची सूचना असते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांच्या आसपास असते. तेव्हा ट्रे बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवावा. हातमोजे घालावेत, खोली हवेशीर असावी आणि वापरलेला हायपो, त्यात चांदीची संयुगे असल्याने, गटारात न ओतता प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवावा.

हाती येते ते निगेटिव्ह, म्हणजे उजळ भाग काळे आणि काळे भाग उजळ दिसणारे चित्र. मोबाइलने त्याचा फोटो काढून रंग उलटे केले की खरे दृश्य दिसते. कागद सगळा काळा पडला असेल तर पुढच्या खेपेस वेळ निम्मा करावा, फिका राहिला असेल तर दुप्पट. मात्र शेजारच्या गटाची वेळ उतरवून घेऊ नये, कारण त्यांचे छिद्र आपल्याएवढेच असेल असे नाही.