कपावर कवितेची ओळ छापताय? या चुका टाळा

दिवाळीआधी महिनाभर आमचा हॉल म्हणजे गोदाम असतो. कप, कापडी पिशव्या, दारावरच्या पाट्या, आणि जवळजवळ प्रत्येक वस्तूवर एखादी मराठी ओळ. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी एका कवीच्या मुलीचा मेल आला. भाषा अगदी सभ्य होती: बाबांची ओळ विकायला काढण्याआधी आम्हाला विचारायचं राहिलं का? मी विचारलं नव्हतं. खाली कवीचं नाव छापलं की काम झालं, असं मी धरून चालले होते.

आपल्यातल्या बहुतेकींची पहिली चूक हीच. नाव द्यायलाच हवं, पण नाव म्हणजे परवानगी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क वारसांकडे किंवा ज्यांना दिला असेल त्यांच्याकडे राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. निधनानंतर प्रकाशित झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे ती गाणी २०१३ पासून खुली आहेत. तुकोबांचे अभंग तर सगळ्यांचेच. मात्र आजच्या अभ्यासकाने लिहिलेला त्यांचा अर्थ पिशवीवर छापायचा, तर त्या अभ्यासकाला विचारावं लागेल.

‘एकच तर ओळ आहे’ असंही खूपदा ऐकते. अमुक शब्दांपर्यंत चालतं, असा आकडा कायद्यात कुठेही नाही. घेतलेला भाग मूळ कवितेत किती महत्त्वाचा आहे, हे पाहिलं जातं. आणि कपासाठी आपण निवडतो ती ओळ बहुतेक वेळा कवितेचा जीवच असते.

चित्रांचं गणित तेच. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची लक्ष्मी तुम्ही खुशाल छापा. पण ‘जुन्या कॅलेंडरवरचं चित्र आहे, आता कोण विचारतंय’ म्हणून रघुवीर मुळगावकरांचा गणपती उचलू नका. ते १९७६ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०३६ अखेरपर्यंत. पिंटरेस्टवरचं चित्र घेऊन थोडे रंग बदलले, तरी ते आपलं होत नाही. कार्टूनच्या चेहऱ्यांना तर हातच लावू नका, तिथे ट्रेडमार्कही आडवा येतो.

वारलीबद्दल जरा थांबून सांगते. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन (जीआय टॅग, म्हणजे एखाद्या भागाशी जोडलेल्या नावाला कायद्याचं संरक्षण) आहे. इंटरनेटवरून उतरवलेली नक्षी यंत्रावर छापून ‘अस्सल वारली’ म्हणून विकणं म्हणजे डहाणू-जव्हारकडच्या चित्रकारांच्या ताटातलं काढून घेणं, असं मला वाटतं. चित्र त्यांच्याकडूनच घ्या. पण तयार चित्र विकत घेतलं की ते घरात लावायचा हक्क मिळतो, शंभर पिशव्यांवर छापायचा नाही. त्यासाठी वेगळं बोलून वेगळे पैसे द्या.

फॉन्टचा परवानाही तपासा. ‘मुक्त’ (Mukta), ‘बलू’ (Baloo) यांसारखे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, छापील वस्तू विकायला चालतात.

परवानगी नेहमी लेखी घ्या, फोनवरचं ‘हो, छापा की’ पुरत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. न्यू जर्सीच्या मराठी मंडळाकडून ऑर्डर येणार असेल, तर परवानगीत तसं लिहून घ्या. मी एक वही ठेवते: डिझाइन, ते कुठून घेतलं, तारीख, आणि परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट. पानं नंतर गायब होतात.

आणि तक्रार आलीच तर? त्याच दिवशी विक्री थांबवा आणि उरलेला माल बाजूला काढून ठेवा. पोस्ट उडवून गप्प बसू नका, समोरच्याला ब्लॉक तर मुळीच करू नका. आधी वही उघडा. परवाना असेल तर त्याची प्रत पाठवा. नसेल तर चूक मान्य करा, किती नग विकले ते खरं सांगा आणि पुढे काय करता येईल ते विचारा. वकिलाची नोटीस आली असेल, तर मात्र स्वतः उत्तर न देता वकिलाकडे जा. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

मी त्या मुलीला विकलेल्या कपांचा हिशोब पाठवला आणि उरलेले माळ्यावर ठेवले. आठवड्याने उत्तर आलं. वर्षभराची परवानगी, दर कपामागे ठरावीक रक्कम, आणि एक अट: ओळीतला एक अनुस्वार मी गाळला होता, तो परत घालायचा.