काम करताना ऐकायला गायलेला जॅझ कसा निवडायचा

आमच्याकडे वेंगुर्ल्यात पाऊस लागला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की हळू आवाजातलं काही ऐकूच येत नाही, त्यामुळे रडवे, संथ जॅझ आधीच बाद, झोप येते ती वेगळीच.

पहिलं बघायचं ते काम कसलं. हात चालवायचेत, म्हणजे आंब्याच्या पेट्या भरायच्यात किंवा काजू निवडायचेत, तर शब्द कितीही असू देत, जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँग बिनधास्त लावा. पण हिशोब, ईमेल असलं डोक्याचं काम असेल तर स्कॅट शोधा, म्हणजे शब्दांऐवजी नुसते बोल, आपल्या तराण्यासारखं समजा ना, डोकं शब्दांच्या अर्थात अडकत नाही. एला फिट्झगेराल्ड यात बाप! तिचं १९६० चं बर्लिनचं लाइव्ह रेकॉर्डिंग घ्या, एका गाण्यात ती शब्द विसरते आणि तिथल्या तिथे नवे रचून गात सुटते, ऐकून आपल्यालाच हुरूप येतो.

लॅम्बर्ट, हेन्ड्रिक्स अँड रॉस हे गाणारं त्रिकूट पण भारी, पण ते वाद्यांच्या सुरावटींवर इतके भराभर शब्द बसवतात की हिशोब हमखास चुकतो, ते भांडी घासताना.

आणि हो, गोव्याची गायिका लॉर्ना. क्रिस पेरीच्या बँडबरोबरची तिची कोंकणी गाणी जॅझच्या अंगाची, झकास, फक्त आपल्याला शब्द कळतात ना, मग काम राहतं बाजूला आणि आपण गात बसतो.

लाइट जायच्या आधी डाउनलोड करून ठेवा.