जुना गुलमोहर आधी बुंध्याशी तपासा

पावसाळ्याआधी रस्त्याकडेचं जुनं झाड ‘हलकं’ करायचं ठरलं की सगळे शेंड्याकडे बघतात. बघायचं असतं बुंध्याकडे.

बुंध्याला टेकलेली माती, पाचोळा, राडारोडा हाताने बाजूला करा. मुळं फुटतात तो भाग उघडा पडला पाहिजे. तिथे तपकिरी, पांढऱ्या कडेची, लाकडासारखी टणक छत्री असेल तर बहुधा गॅनोडर्मा बुरशी. वर पालवी हिरवीगार असली तरी खाली आधाराची मुळं कुजत असतात. छत्री उपटून टाकली तर रोग जात नाही, पुरावा तेवढा जातो.

मग लाकडी हातोडीने खोड चहूबाजूंनी ठोका. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ बद्द. पोकळ म्हणजे पाडायचंच, असं नाही. ६० सेंटीमीटर व्यासाच्या खोडात चांगल्या लाकडाची भिंत सगळीकडे १० सेंटीमीटर असेल, तर सहसा भागतं. ढोली एका बाजूने उघडी असेल तर मात्र हा हिशेब धरू नका. आणि झुकलेल्या झाडाच्या पाठीमागे जमिनीला भेग दिसली, तर खालच्या गाड्या त्याच दिवशी हलवा आणि जाणकाराला बोलवा.

जाड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला खोडापासून ३० सेंटीमीटरवर, खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या ५ सेंटीमीटर पुढे, वरून, आरपार. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं त्याच्या लगेच बाहेर. खालचा काप टाळला की फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. कडं कापलं तर जखम मिटत नाही. लांब खुंट ठेवला तर तोच कुजत आत जातो. डांबर किंवा रंग फासू नका. तारांजवळचं आणि उंचावरचं काम शिकलेल्या माणसाचंच.

वाळकी फांदी खुशाल काढा, पण म्हाताऱ्या झाडाची हिरवी पालवी वर्षाला १०-१५ टक्क्यांच्या वर नको. शेंडाच उडवला तर झुपक्याने फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि जाड झाल्यावर वाऱ्यात निखळतात. हलकं करायला गेलेलं झाड असं जास्त धोक्याचं होतं.

बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक किमान १ मीटरपर्यंत उचला, ब्रेकरने नाही, पहारीने. मुळाने फरशी उचलली असेल तर मूळ तोडू नका, तेवढी फरशी काढून तिथे खडी टाका.