घरी रुग्णाचे करणाऱ्यांसाठी विसावा सेवा कशी उभारावी

अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचे किंवा दिव्यांग मुलाचे वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाला आठवड्यातून काही तास हक्काने मोकळे करणे, म्हणजे विसावा सेवा. नागपुरात ती सुरू करू इच्छिणाऱ्या संस्थांनी इमारतीचा आणि खाटांचा विचार नंतर करावा. आधी चार-पाच घरी जाऊन, रुग्णाच्या खोलीपासून दूर, स्वयंपाकघरात बसून त्या माणसाशी बोलावे. ‘काय मदत हवी?’ असे विचारल्यास ‘काही नाही, चाललं आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘दोन तास मोकळे मिळाले तर काय कराल?’ असे विचारावे. नंदनवनातील एका सुनेने मला सांगितले होते, ‘दाराला कडी लावून झोपेन.’ सेवेची वेळ अशा उत्तरांवरून ठरते.

अशी घरे शोधण्यासाठी मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षकांशी तसेच वस्तीतील आशा सेविकांशी संपर्क ठेवावा, कारण रुग्णाला सुटी मिळते तो दिवसच घरच्यांना सर्वांत जड जातो.

वार, वेळ आणि संस्थेकडून येणारी सेविका शक्यतो बदलू नये. दर वेळी नवा चेहरा आला, तर घरची बाई उंबरठा ओलांडत नाही. पहिल्या दोन भेटींत सेविकेने केवळ सोबत बसून पाहावे आणि एक वही भरावी: कोणत्या कुशीवर झोप लागते, पेज किती पातळ लागते, कोणती गोळी जेवणाआधीची, रुग्ण बोलू शकत नसेल तर दुखते हे कसे ओळखायचे. माझ्या मते सगळी सेवा या वहीवर उभी असते.

प्रशिक्षणात शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, बसते करूनच भरवणे आणि उचलताना स्वतःची कंबर सांभाळणे हे हातांनी करवून घ्यावे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून उन्हाळ्यात भेटी सकाळी ठेवाव्यात आणि रुग्णाच्या पोटात पाणी किती गेले याची नोंद ठेवावी.

कुटुंबांना सरकारी आधारही मिळवून द्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जास्त सहाय्याची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी विसाव्याची निवासी सोय येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक ताणासाठी १४४१६ हे क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर लिहून द्यावेत.

सेविकेला ठरलेले मानधन वेळेवर द्यावे; नुसत्या सेवाभावावर ही माणसे फार काळ टिकत नाहीत, आणि तशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

रुग्ण दगावल्यावर त्याच दिवशी घराचे नाव यादीतून काढू नये. तेरवी आटोपून पाहुणे गेले की त्या घरी एकदम शांतता होते. त्या आठवड्यातही सेविकेने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जावे.