पाहुणी टीम आपल्या गावात: बे एरियात बेसबॉल बघायला जाताना या चुका टाळा

बॉस्टनला शिकून बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, नोकरीला आलेल्या मराठी मंडळींच्या घरात रेड सॉक्स या तिथल्या बेसबॉल टीमची एक तरी टोपी निघतेच. शिकागोहून आलेल्यांकडे कब्सचा टी-शर्ट. आणि हल्लीच्या शाळकरी पोरांना आईबापांची टीम कुठलीही असो, डॉजर्सचा ओतानीच बघायचा असतो. या सगळ्यांची अडचण एकच. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सच्या चाहत्याला घरच्या मैदानावर वर्षाला ८१ मॅच मिळतात, एक हुकली तर पुढच्या आठवड्यात दुसरी. आपली टीम मात्र पाहुणी म्हणून येते, तीन दिवस राहते आणि जाते. त्यामुळे घरच्या चाहत्याची पद्धत इथे चालत नाही.

"या वर्षी नको, पुढच्या वर्षी जाऊ"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २०२३ पासून प्रत्येक टीम बाकीच्या सगळ्या टीमशी दरवर्षी खेळते हे खरं, पण कुठे खेळते ते बघा. सगळ्या टीम नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीगमध्ये वाटलेल्या, आणि लीगमध्ये पुन्हा डिव्हिजन. जायंट्स नॅशनल लीगमध्ये. त्यांच्या डिव्हिजनमधल्या डॉजर्स, पाड्रेस वगैरे टीम वर्षात साधारण दोनदा सॅन फ्रान्सिस्कोला येतात. नॅशनल लीगच्या इतर टीम, म्हणजे कब्स, मेट्स, ब्रेव्ह्ज, एकदा. अमेरिकन लीगवाल्या मात्र एक वर्षाआड: या वर्षी ते इकडे, पुढच्या वर्षी जायंट्स तिकडे. अमेरिकन लीगमधले रेड सॉक्स २०२५ च्या जूनमध्ये ओरॅकल पार्कला, जायंट्सच्या मैदानावर, येऊन गेले. त्या तीन दिवसांत ज्यांना जमलं नाही, त्यांचं हुकलंच, कारण २०२६ ची पाळी बॉस्टनच्या मैदानाची.

मैदान नक्की कुठलं?

अमेरिकन लीगच्या चाहत्यांना दुसरी एक वाट आहे, ॲथलेटिक्सची. पण ती टीम आता ओकलंडमध्ये नाही. २०२४ च्या सीझननंतर त्यांनी तिथलं कोलिसियम मैदान सोडलं आणि लास व्हेगासचं स्टेडियम होईपर्यंत ते वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कमध्ये खेळतात. नावापुढे शहरही लावत नाहीत, नुसतं 'ॲथलेटिक्स'. त्यामुळे 'ओकलंड' टाकून तिकीट शोधलंत तर भलतंच काहीतरी हाती लागेल. यांकीज, रेड सॉक्स, ब्लू जेज तिथे दरवर्षी येतात. मैदान लहान, जेमतेम १४ हजारांचं, त्यामुळे खेळाडू फार जवळून दिसतात. मला विचाराल तर लहान मुलांना घेऊन जायला ओरॅकल पार्कपेक्षा हेच बरं.

फक्त एक सांभाळा. त्याच मैदानावर रिव्हर कॅट्स ही जायंट्सची मायनर लीग (खालच्या स्तरावरची) टीमही खेळते, आणि सॅन होजेलाही 'जायंट्स' नावाचीच एक मायनर लीग टीम आहे. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाईने घेऊ नका. दोन्ही टीमची पूर्ण नावं वाचा.

तीनपैकी कुठला दिवस?

बहुतेक लोक आपल्या सोयीचा दिवस धरतात. इथे जरा थांबा, कारण खरी मेख इथेच आहे.

सिरीजचा शेवटचा दिवस, तो बुधवार किंवा गुरुवार असेल आणि मॅच दुपारची असेल, तर त्या दिवशी पाहुण्या टीमला मॅच संपवून विमान पकडायचं असतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत खेळलेल्या नेहमीच्या खेळाडूंना अशा दिवशी बऱ्याचदा विश्रांती देतात. कॅचरला (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याला) तर जवळजवळ ठरलेलीच. तिकीट स्वस्त, ऊन छान, पण ज्याच्यासाठी गेलात तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, सूर्यफुलाच्या बिया चघळत बसलेला. एखादा विशिष्ट फलंदाज बघायचा असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या रात्रीची मॅच घ्या.

पिचरचं गणित आणखी कडक. मॅचची सुरुवात करणारे पिचर (चेंडू फेकणारे) साधारण पाच असतात आणि पाळीपाळीने येतात. म्हणजे तीन मॅचमध्ये पाचांपैकी तिघेच दिसणार, आणि तुमचा आवडता उरलेल्या दोघांत असू शकतो. तो शेवटचा कुठल्या तारखेला खेळला ते बघून त्याची पुढची पाळी मोजता येते, पण मध्ये सुट्टीचा दिवस आला की सगळं एक दिवसाने सरकतं. संभाव्य पिचरची नावं थोडेच दिवस आधी जाहीर होतात, तोवर तिकीट न घेणं शहाणपणाचं. ओतानीच्या बाबतीत जीव टांगणीला लावायची गरज नाही. पिचिंग आठवड्यातून एखादवेळी, पण बॅटिंगला तो जवळपास रोज असतो.

दुखापतींची यादीही बघून ठेवा. फलंदाज त्या यादीत गेला की किमान १० दिवस बाहेर, पिचर गेला तर १५. कुठल्या तारखेला गेला ते बघितलं की पुढचं बोटांवर मोजता येतं.

आणि ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल! रेड सॉक्स ओरॅकल पार्कला आले त्याच्या पाच दिवस आधी, १५ जून २०२५ ला, त्यांनी आपला फलंदाज रफाएल डेव्हर्स जायंट्सलाच देऊन टाकला. त्याच्यासाठी महिनाभर आधी तिकीट काढलेल्यांना तो दिसला, पण समोरच्या टीमच्या कपड्यांत. वर त्याने त्याच सिरीजमध्ये आपल्या जुन्या टीमविरुद्ध होम रन ठोकला. यावर इलाज काही नाही. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येणाऱ्या ट्रेडच्या मुदतीच्या आसपासची मॅच असेल तर मुलाला नाव छापलेली जर्सी आधीच घेऊन देऊ नका, एवढंच.

वेळ

आपल्या टीमच्या गावचं वर्तमानपत्र किंवा छापील वेळापत्रक बघून निघालात तर वेळ तिकडची असते. बॉस्टनचं '१०:१५' म्हणजे आपल्याकडे सव्वासात.

जागा कुठली घ्यायची

ओरॅकल पार्कमध्ये जायंट्सचा डगआउट थर्ड बेसच्या बाजूला आणि पाहुण्यांचा फर्स्ट बेसच्या. घाईत 'डगआउटजवळची' म्हणून महागडी जागा घेतात आणि रात्रभर जायंट्सच्या पाठी बघत बसतात. तिकीट घेताना नकाशा उघडाच. प्रत्येक मैदानाचं वेगळं असतं. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम आणि बॉस्टनच्या फेनवेला पाहुणे थर्ड बेसला बसतात, त्यामुळे एका मैदानाचा अनुभव दुसरीकडे लावू नका.

पाहुण्यांच्या चाहत्याला एक फायदा असतो, तो फारसं कोणी घेत नाही. सरावात आधी घरची टीम बॅटिंग करते, मग पाहुणी. दरवाजे उघडेपर्यंत घरच्यांचं बहुतेक आटोपलेलं असतं आणि तुमची टीम सरावाच्या पिंजऱ्यात उतरलेली असते. दार उघडताच आत जा, फर्स्ट बेसच्या कडेला उभे राहा. सही मिळाली तर तिथेच मिळेल. रात्रीच्या मॅचनंतरच्या दुपारी मात्र हा सराव बऱ्याचदा रद्द होतो.

किमतीचं म्हणाल तर डॉजर्स, यांकीज, कब्स आले की ती चढते आणि शेवटच्या दिवशी उतरेल याचा भरवसा नसतो. साध्या टीमची मंगळवारची मॅच असेल तर थांबून घ्या. 'तिकिटाच्या साइटवर शेवटच्या पानावर फी वाढते' हा इशारा मात्र आता जुना झाला. मे २०२५ पासून अमेरिकेत फी धरूनच किंमत दाखवावी लागते. तिकीट फोनवरच येतं. घरातल्या ज्याच्या त्याच्या फोनवर ते आदल्या रात्रीच पाठवून ठेवा. फाटकाशी चाळीस हजार लोकांत नेटवर्कची वाट बघत आजी-आजोबांना उभं करू नका.

थंडी आणि ऊन

पुण्याहून उन्हाळ्यात आलेल्या आईबाबांना ओरॅकल पार्कला नेताना 'जुलै आहे' हे विसरा. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की वरच्या मजल्यावर स्वेटर, कानटोपी, शाल, सगळं लागतं. सॅक्रामेंटोत उलटं: दुपारी ३८ अंशांच्या वर पारा जातो, मैदान उघडं आहे, तिथे टोपी आणि पाणी. ओरॅकल पार्कमध्ये घरचं खाणं नेऊ देतात, तेव्हा दशम्या-चटणीचा डबा खुशाल न्या. काचेची बाटली आणि कॅन नको. पिशवीच्या मापाचे नियम मैदानागणिक वेगळे, ते निघण्याआधी बघा.

जाणं-येणं

बार्ट, म्हणजे बे एरियाची लोकल, ओरॅकल पार्कपर्यंत जात नाही. फ्रीमाँटकडून येणाऱ्यांनी एम्बार्काडेरोला उतरून शहरातली ट्रामची एन लाइन धरावी, ती थेट मैदानासमोर सोडते. सनीवेल, माउंटन व्ह्यूवाल्यांना कॅलट्रेन सोपी, शेवटच्या स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की झालं. सॅक्रामेंटोला कॅपिटल कॉरिडॉरची गाडी जाते, पण रात्रीच्या मॅचनंतर परतीची मिळेलच असं धरून चालू नका. तिथे कारने जा, नाहीतर रविवारी दुपारची मॅच असेल तर ती बघा.

निघायची वेळही आता नव्याने मोजावी लागते. २०२३ ला पिचरला चेंडू टाकायची वेळ ठरवणारं घड्याळ लागलं तेव्हापासून मॅच साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपते. अर्धा तास उशीर म्हणजे पूर्वीसारखी एखादी इनिंग नव्हे, त्याहून जास्त जातं. शिवाय प्रत्येक इनिंगमध्ये पहिली बॅटिंग पाहुण्यांची असते, त्यामुळे पार्किंग शोधण्यात गेलेली पहिली दहा मिनिटं ही नेमकी तुमच्याच टीमची. शेवटीही तेच. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात, पाहुण्यांची बॅटिंग संपेपर्यंत, जायंट्सची आघाडी टिकली तर खेळ तिथेच थांबतो, म्हणून तुमची टीम मागे असेल तर ते शेवटचे तीन बाद बघायचं सोडून ट्रेनकडे पळू नका. आठव्या इनिंगनंतर पळणाऱ्यांची गर्दी तशीही प्लॅटफॉर्मवर झालेलीच असते.