रिपीटच्या गोळ्या संपण्याआधी: इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी तयारीची यादी

पुण्या-नाशकात बीपीची गोळी संपली की रिकामी स्ट्रिप खिशात घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, 'हीच द्या' म्हणायचं आणि पाच मिनिटांत घरी यायचं, ही आपली सवय. इंग्लंडात ती उपयोगाची नाही. इथे नेहमी लागणाऱ्या, पुन्हापुन्हा मिळणाऱ्या औषधांना 'रिपीट' म्हणतात. त्यांची आधी जीपीच्या सर्जरीत, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, मागणी नोंदवायची, तिथे मंजुरी मिळाली की चिठ्ठी संगणकावरून फार्मसीत जाते, आणि मग गोळ्या हातात येतात. त्यामुळे घरात निदान आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच हालचाल करायला हवी. शुगर, थायरॉइड, बीपी, फिट्स यांच्या गोळ्यांत एक दिवसाचाही खंड नको. ज्यांचे आईवडील नुकतेच इकडे राहायला आले आहेत, त्यांनी हे जरा सावकाश वाचावं.

सर्जरीत नाव नोंदवलं म्हणून भारतातली औषधं आपोआप रिपीटवर चढत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांची किंवा सर्जरीतल्या फार्मासिस्टची अपॉइंटमेंट लागते, आणि ती मिळायला वेळ जातो. भारतातून आणलेला साठा महिनाभर पुरेल एवढा असतानाच ती मागा. जाताना तिकडच्या डॉक्टरांची चिठ्ठी, अलीकडचे रिपोर्ट आणि गोळ्यांच्या स्ट्रिपा, तिन्ही सोबत न्या. स्ट्रिपवरचं ठळक नाव इथे बहुधा कोणाला माहीत नसतं. त्याखाली बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं, ते कामाचं. थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ही नावं आणि किती मिलिग्रॅम, किती मायक्रोग्रॅम ते एका कागदावर उतरवून घ्या. इंग्रजीत बोलताना आईबाबा बिचकत असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी हवा म्हणून सांगा; त्याचे पैसे पडत नाहीत.

इथे एक जागा खरंच जपायची आहे. भारतात एका गोळीत दोन औषधं असणं नेहमीचं. टेल्मा-एएममध्ये टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही असतात. इथे त्याच्या दोन वेगळ्या गोळ्या मिळू शकतात, किंवा डॉक्टर औषध बदलूनही देतात. घरातल्या मोठ्यांना हे नीट समजावून सांगितलं नाही, तर 'एकाच्या दोन कशा झाल्या?' म्हणत ते एक गोळी परस्पर बंद करतात. त्याहून वाईट म्हणजे तिकडची आणि इकडची, दोन्ही चालू ठेवतात. सासूबाईंच्या प्रत्येक खोक्यावर मी स्केचपेनने मराठीत लिहिते: 'बीपी, सकाळी एक', 'शुगर, जेवणानंतर'. नवीन औषध सुरू झालं की भारतातल्या जुन्या गोळ्या त्याच दिवशी कपाटातून काढून फार्मसीत परत देते. तिथे त्यांची नीट विल्हेवाट लावतात.

आता मागणी. सगळ्यात सोपं एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, अ‍ॅप. त्यात आपली रिपीटची औषधं दिसतात, हवी ती निवडून पाठवायची. अ‍ॅप जमत नसेल तर कागदी चिठ्ठीची उजवीकडची पट्टी जपून ठेवा. तिच्यावर औषधांची नावं आणि शेजारी चौकोन असतात. खूण करून ती सर्जरीतल्या पेटीत टाकायची. फोनवरून मागणी बऱ्याच सर्जऱ्या घेत नाहीत, म्हणून आपल्या सर्जरीची पद्धत पहिल्याच भेटीत विचारा. आईवडिलांसाठी तुम्ही मागणी करणार असाल तर त्यांच्या संमतीचा फॉर्म भरून तुमच्या अ‍ॅपला परवानगी घ्या, म्हणजे त्यांचा पासवर्ड वापरावा लागत नाही. घराजवळची एक फार्मसी त्याच वेळी ठरवून नोंदवा. आणि सवयीने सगळ्याच चौकोनांत खूण करू नका. घरात तीन इन्हेलर पडून असताना चौथा मागवला तर तो वायाच जातो; फार्मसीतून एकदा बाहेर पडलेलं औषध बंद असलं तरी दुसऱ्याला देता येत नाही.

औषध साधारण २८ किंवा ५६ दिवसांचं मिळतं. सर्जरीला कामाचे दोन दिवस आणि त्यावर फार्मसीला आणखी एक-दोन दिवस धरा. शनिवार-रविवार त्यात मोजू नका. ईस्टरला शुक्रवार ते सोमवार सर्जरी बंद असते, नाताळात तर विचारूच नका. तेव्हा दोन आठवडे आधी मागा. तब्येत आणि औषधं बरेच दिवस स्थिर असतील तर पुढच्या काही महिन्यांच्या चिठ्ठ्या एकदम मंजूर करून मिळतील का, हेही विचारा. तसं झालं की दर वेळी सर्जरीला मागणी न करता थेट फार्मसीत जाता येतं.

चिठ्ठीवर रिव्ह्यूची, म्हणजे चालू औषधांचा सर्जरीत फेरआढावा घेण्याची, तारीख असते, तिकडे लक्ष ठेवा. ती उलटली की मागणी अडू शकते. शुगर-थायरॉइडच्या रक्ततपासण्या आणि घरी आठवडाभर घेतलेले बीपीचे आकडे तयार ठेवले तर हे काम पटकन उरकतं.

पैशांचं थोडक्यात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे नाहीत. इंग्लंडात मे २०२४ मध्ये एका औषधाचा दर ९.९० पाउंड झाला. वर्षभराच्या औषधांचा आगाऊ पास ११४.५० पाउंडांचा, म्हणजे एकच औषध वर्षात बारा वेळा घ्यावं लागत असेल तरी तो परवडतो. साठी झालेल्यांना माफी आहे. साठीच्या आतल्यांना शुगरची औषधं किंवा थायरॉइडची गोळी कायमची चालू असेल तर माफीचं कार्ड मिळतं, आणि मग बाकीची औषधंही फुकट. नुसत्या पथ्यावर शुगर सांभाळणाऱ्यांना मात्र ते मिळत नाही. फॉर्म सर्जरीतूनच घ्या. कार्ड पाच वर्षं चालतं. मुदत संपल्यावरही औषध घेताना 'मला पैसे माफ आहेत' अशी खूण करत राहिलात तर दंड येतो.

औषध आणायला घरातलं कोणीही जाऊ शकतं. ज्याचं औषध त्याचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख पाठ हवी. तीव्र वेदनाशामकांसारख्या काही औषधांना ओळखपत्र मागतात. काउंटरवरच पिशवी उघडून नाव आणि गोळीची ताकद बघा. एकाच आडनावाची दोन-तीन कुटुंबं त्याच भागात असली तर हे फारच गरजेचं. 'बाकी आहे' अशी चिठ्ठी पिशवीवर असेल तर उरलेलं कधी येणार ते तिथेच विचारून घ्या.

एवढं करूनही शुक्रवारी संध्याकाळी गोळ्या संपल्याच तर सोमवारची वाट पाहू नका. एनएचएसच्या १११ या मदतीच्या नंबरला फोन करा किंवा रिकामं खोकं घेऊन फार्मसीत जा. बऱ्याच औषधांचे काही दिवसांपुरते डोस तातडीने मिळू शकतात. गणपतीला किंवा दिवाळीला भारतात जाणार असाल तर तिकीट काढल्यावर लगेच सर्जरीला तारखा कळवा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथे पोचून सोय होईपर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या मिळतात. पुढच्या गोळ्यांसाठी तिकडच्या डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा. प्रवासात गोळ्या मूळ खोक्यातच आणि हातातल्या बॅगेत ठेवा, सोबत चिठ्ठीची प्रत.