गिझर कोमट का? मीटरचे दोन आकडे आणि एक भागाकार

गेल्या थंडीत खानापूरकडच्या एका गावात गिझर बघायला गेलो होतो. लांबलचक कौलारू घर, मीटर पुढच्या सोप्यात आणि न्हाणीघर पार मागं परसात. अक्का म्हणाल्या, "दोन हजार वॅटचा म्हणून घेतला रे तम्मा. अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच. त्यापरीस आमचा बंब बरा होता की!" मुलानं नवीन कॉइल आणूनही ठेवली होती. मी म्हटलं, कॉइल राहू दे पिशवीत, आधी मोजूया.

मोजायचे ते दोनच आकडे, व्होल्ट आणि अँपिअर. पण दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी आणि गिझर तापत असताना घ्यायचे. सकाळचे व्होल्ट आणि दुपारचे अँपिअर घेऊन केलेलं गणित कागदावर बरोबर येतं, पण उपयोग शून्य. चालू लाईनवर हात घालायची सवय नसेल तर आकडे वायरमनकडून घ्या, भागाकार तुम्ही करा.

व्होल्टसाठी मल्टिमीटरच्या दोन काड्या फेज आणि न्यूट्रलला लावायच्या. अँपिअरसाठी चिमटा मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून काड्या सॉकेटमध्ये कधीच घालू नका, तो सरळ शॉर्ट होतो. चिमट्यात एकच वायर घ्यायची. हे मी वडगावात शिकाऊ असताना चांगलंच शिकलो. अख्खी केबल चिमट्यात धरली, मीटर शून्य दाखवतोय, आणि मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगतोय की तुमची इस्त्री करंट घेतच नाही. तोवर इस्त्रीखालच्या कापडाचा वास यायला लागला! जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, म्हणून शून्य. तेव्हापासून फेज आणि न्यूट्रल सुटे केलेला हातभर लांबीचा बोर्ड पिशवीत असतो.

तर न्हाणीत मोजलं: १९६ व्होल्ट, ७.४ अँपिअर.

व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप. शाळेच्या पुस्तकात त्या अडथळ्याला रोध म्हणतात. १९६ भागिले ७.४, म्हणजे सुमारे २६.५ ओहम. आता हे बरोबर की चूक ते गिझरवरच्या पट्टीवरून ताडायचं. पट्टी म्हणते २३० व्होल्टला २००० वॅट. व्होल्टचा वर्ग करून वॅटनं भागा: ५२९०० भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. कॉइल ठणठणीत. मुलाचं तोंड उतरलं.

मग वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर: १९६ गुणिले ७.४, म्हणजे १४५० वॅट. दोन हजारचा गिझर साडेचौदाशेवर चालला होता. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला २००० वॅटला साधारण २६ मिनिटं लागतात, १४५० ला ३६. अक्कांची तक्रार खरी होती, फक्त दोष कॉइलचा नव्हता. व्होल्ट थोडे घसरले तरी वॅट वर्गाच्या हिशेबात घसरतात, म्हणून गावाकडं हा घोळ जास्त जाणवतो.

आता व्होल्ट कुठं गेले? गिझर चालू ठेवूनच पुढं सोप्यात मीटरपाशी मोजलं, तर २१० व्होल्ट. म्हणजे बाहेरूनच कमी येत होतं, त्याला माझ्याकडं इलाज नाही. पण सोपा ते न्हाणी यात १४ व्होल्ट गळत होते, हे घरचं दुखणं. तोच भागाकार गळतीवर करायचा: १४ भागिले ७.४, म्हणजे १.९ ओहम. वायर एक एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद एक चौरस मिलिमीटर), अंतर २५ मीटर, जाऊन-येऊन ५०. एक एमएम तांब्याच्या किलोमीटरला सुमारे १८ ओहम, म्हणून ५० मीटरला ०.९. उरलेला एक ओहम कुठंतरी लपलेला.

तो सापडला स्वयंपाकघराच्या माळ्यावर. पिळा मारून काळी टेप गुंडाळलेला जॉइंट. मेन बंद करून टेप सोडली तर ती आतून चिकट डांबरासारखी, आणि तांबं काळंनिळं पडलेलं. तिथं किती उष्णता होत होती? अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम: ७.४ गुणिले ७.४ गुणिले १, म्हणजे सुमारे ५५ वॅट. माझी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची आहे. तसल्या दोन इस्त्र्या जुन्या लाकडी तुळईला टेकवून रोज सकाळी चालू करण्यासारखं होतं ते.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, मेन बंद करून सरळ ओहमवर मोजावं. गिझरच्या कॉइलला चालतं, ती तापली तरी ओहम फारसे बदलत नाहीत. पण १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब थंड असताना चाळीसेक ओहम दाखवतो आणि पेटल्यावर ५२९. तिथं भागाकारच खरा.

मोटरवर यंत्रमाग चालवणाऱ्या मागवाल्यांसाठी वेगळं सांगतो. मोटरला हे जसंच्या तसं लावू नका. थ्री फेजवर व्होल्ट गुणिले अँपिअरला १.७३ नं गुणायचं आणि वर पॉवर फॅक्टरनंही, म्हणजे त्यातला जेवढा भाग खरे वॅट असतो त्या आकड्यानं. ४१५ व्होल्ट, १.९ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.७५ असेल तर साधारण १०२५ वॅट. आणि व्होल्टला अँपिअरनं भागून वाइंडिंगचे ओहम काढायला गेलात तर फसाल, फिरत्या मोटरमध्ये करंट अडवणारं वाइंडिंगच्या तारेपलीकडंही बरंच असतं.

अक्कांकडं मीटरपासून न्हाणीपर्यंत अडीच एमएमची सलग वायर ओढली, मधे जॉइंट नाही. पुन्हा मोजलं: २०७ व्होल्ट, ७.८ अँपिअर, सोळाशेच्या वर वॅट. कॉइल परत द्यायला मुलगा खानापूरच्या बाजारात गेला. दुकानदारानं पैसे दिले नाहीत, बदल्यात दोन होल्डर आणि टेपची एक गुंडाळी दिली.